कशाचे मोल?

कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी सहा वाजता अकरावीची नऊ मुले रसायनशास्त्र शिकायला येतात. कनिष्ठ महाविद्यालयातून मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षे झाली; तरी खडू हातातून सुटलेला नाही आणि तो सुटावा असे मला वाटतही नाही. गेल्या मंगळवारी या मुलांना मी एकच गणित घातले होते. दोन मोल अमोनियम सल्फेटमध्ये एकूण अणू किती, एवढाच प्रश्न होता; मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या कणांचा गठ्ठा. नऊ वह्यांत मिळून पाच वेगवेगळी उत्तरे निघाली आणि त्यांतले बरोबर उत्तर दोघांनीच लिहिले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर त्या वह्या घेऊन बसले, तेव्हा ध्यानात आले की गुणाकार एकाचाही चुकलेला नव्हता. ६.०२२ आणि त्यापुढचा १० चा २३ वा घात सर्वांना पाठ होता, दशांशचिन्हही सर्वांचे जागेवर होते. चूक झाली होती ती गुणाकाराच्या आधी, सूत्र वाचताना. मुले या धड्यात घाबरतात ती त्या प्रचंड आकड्याला, पण अडखळतात मात्र अक्षरांच्या पायाशी लिहिलेल्या दोन, चार, पाच अशा लहानशा पादांकांपाशी.

अमोनियम सल्फेटचे (NH₄)₂SO₄ हे सूत्र आम्ही वर्गात ‘एनएच फोर होल ट्वाइस एसओ फोर’ असे मोठ्याने म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे ‘होल ट्वाइस’ फार उपयोगी आहे, कारण कंसाबाहेरचा दोन हा कंसातल्या सगळ्यांचा आहे, शेवटच्या एकट्याचा नव्हे, हे त्यातून कानाला कळते. म्हणजे नायट्रोजनचे २, हायड्रोजनचे चार दुणे ८, गंधकाचा १ आणि ऑक्सिजनचे ४, असे एकूण १५ अणू झाले. दोन मोलमध्ये ३० मोल अणू असतात, आणि ३० ला ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात या संख्येने गुणले की १.८०७ गुणिले १० चा २५ वा घात हे उत्तर येते.

चुकलेल्या सात वह्या मी पुन्हापुन्हा पाहिल्या, कारण चुकीच्या उत्तरातून मूल कोणत्या वाटेने गेले ते पावलांच्या ठशांसारखे दिसते. दोघांच्या उत्तरात ३० च्या जागी २० होते. त्यांनी कंसाबाहेरचा दोन पाहिलाच नव्हता आणि एका सूत्रात १० अणू धरले होते. एकीच्या उत्तरात २८ होते, म्हणजे तिने तो दोन फक्त हायड्रोजनला लावला होता आणि नायट्रोजन एकटाच ठेवला होता. एकाने कंसातला चार आणि कंसाबाहेरचा दोन शेजारीशेजारी दिसल्याने हायड्रोजनचे ४२ अणू धरले होते. उरलेल्या तिघांनी दोनला सरळ ६.०२२ ने गुणून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या तिघांनी, कारण त्यांचे उत्तर खोटे नव्हते. ते दुसऱ्याच प्रश्नाचे खरे उत्तर होते. अमोनियम सल्फेटची एकके किती, असे मी विचारले असते तर त्यांना पूर्ण गुण द्यावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्या तिघांना जवळ बसवून विचारले तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. ही मुले मोबाइलवर हिंदीतून धडे पाहतात. मराठीत आपण मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम कणाला अणू म्हणतो आणि अणू एकत्र येऊन जो कण होतो त्याला रेणू म्हणतो. हिंदीत मात्र पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. तेव्हा हिंदीतला अणु हा आपला रेणू झाला! मुलाने हिंदीत ‘अणु’ ऐकले, माझ्या प्रश्नात ‘अणू’ वाचला आणि त्याने प्रामाणिकपणे रेणूंची संख्या काढून दिली. यात त्याला बोल लावता येत नाही. तेव्हापासून मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात हे दोन शब्द दोन्ही भाषांत लिहून ठेवते आणि धडा संपेपर्यंत पुसू देत नाही. अमोनियम सल्फेट, मीठ, चुना यांसारख्या आयनांनी, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांनी, बनलेल्या पदार्थांत तर रेणू असा सुटा कण नसतोच. तिथे सूत्रात दाखवलेल्या गटाला सूत्र-एकक म्हणणे अधिक बरोबर ठरते. मोजणीची रीत मात्र तीच राहते.

कंसाची ओळख करून द्यायला मी गुऱ्हाळाचे उदाहरण घेते, कारण आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी काहील पाहिलेली असते. उकळत्या रसात गुळव्या चुन्याची निवळी घालतो, रसातला आंबटपणा त्याने कमी होतो आणि मळी वर येऊ लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. तो भिजवलेला चुना म्हणजे ‘सीए ओएच होल ट्वाइस’: कॅल्शियमचा १, ऑक्सिजनचे २ आणि हायड्रोजनचे २, असे पाच अणू. त्याच काहिलीतली साखर घेतली तर सूत्र लांबते, पण कंस नसल्यामुळे मोजणी सोपी होते. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११, असे एका रेणूत ४५ अणू असतात. चुन्याच्या एका मोलमध्ये ५ मोल अणू आणि साखरेच्या एका मोलमध्ये ४५ मोल अणू, हे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते. मोल दोन्हीकडे एकच, मग आत एवढे अंतर कसे, असा प्रश्न त्यांना पडतो. तो पडला की माझे निम्मे काम झालेले असते.

मोल हे मोजण्याचे माप आहे, डझनासारखे. एक डझन सायकली म्हटल्या की चाके चोवीस होतात आणि एक डझन रिक्षा म्हटल्या की छत्तीस; डझन मात्र बाराचाच राहतो. ‘एक डझन’ एवढेच कोणी म्हणाले तर आपण लगेच विचारतो, कशाचे? मोलच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला मुले विसरतात. एक मोल ऑक्सिजनचे वस्तुमान किती, असे कोणी विचारले तर प्रश्नच अर्धवट आहे. अणूंचे मोल असेल तर १६ ग्रॅम आणि आपण श्वासात घेतो त्या जोडरेणूंचे असेल तर ३२ ग्रॅम. १९७१ मध्ये वजने-मापे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोलला सातव्या मूलभूत एककाचा दर्जा दिला तेव्हा व्याख्येबरोबरच असे बजावले होते की मोल वापरताना मोजला जाणारा कण कोणता, हे सांगितलेच पाहिजे. मग तो अणू असो, रेणू असो, आयन असो की इलेक्ट्रॉन. मी मुलांना आता मोलपुढे कणाचे नाव लिहिल्याशिवाय पुढची पायरी करू देत नाही. ‘२ मोल’ असे नुसते लिहिले की लाल शाईचे वर्तुळ पडते.

एवढी मोठी संख्या कशासाठी, हे मात्र तराजूशिवाय समजत नाही. गुजरी या सराफपेठेतल्या एका दुकानात पैंजणांचे घुंगरू घेताना मी एकदा पाहिले की दुकानदाराने दहा घुंगरू तराजूवर टाकले, तीन ग्रॅम भरले. मग थैली तोलली, नऊशे ग्रॅम भरली. आणि त्याने तीन हजार नग असे चिठ्ठीवर लिहून टाकले. एकही घुंगरू त्याने बोटाने मोजला नाही. रसायनशास्त्रज्ञ हेच करतो, फक्त त्याचा एकेक नग इतका हलका असतो की दहा-वीस नव्हे, परार्धांनी घ्यावे तेव्हा काटा हलतो. भास्कराचार्यांनी दिलेल्या दशमानातील स्थानांच्या यादीत शेवटचे स्थान परार्ध आहे, म्हणजे १० चा १७ वा घात. एका मोलमध्ये असे ६० लाख २२ हजार परार्ध कण असतात. तेवढे चांदीचे अणू घेतले तर वजन १०७.९ ग्रॅम भरते, तेवढे पाण्याचे रेणू घेतले तर १८ ग्रॅम आणि साखरेचे घेतले तर ३४२ ग्रॅम. चहात घालतो ती चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, साखर घेतली तरी तिच्यात सुमारे ८.८ गुणिले १० चा २१ वा घात एवढे रेणू असतात, आणि त्याला ४५ ने गुणले की अणूंची संख्या ४ गुणिले १० चा २३ वा घात याच्या अगदी जवळ जाते.

सूत्र नीट न वाचल्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका प्रात्यक्षिकासाठी मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, लिटरला ०.१ मोल एवढ्या तीव्रतेचे एक लिटर द्रावण करण्याचे काम माझ्याकडे आले. मी तक्त्यात पाहिले, तांबे ६३.५, गंधक ३२.१, ऑक्सिजनचे चार मिळून ६४ अशी बेरीज केली, १५.९६ ग्रॅम काळजीपूर्वक तोलले आणि अभिमानाने बाटलीवर चिठ्ठी डकवली. दुपारी तुकडीतल्या सगळ्यांची टायट्रेशनची, म्हणजे दुसरे द्रावण थेंबथेंब सोडून तीव्रता मोजण्याची, वाचने सुमारे १० मिलिलिटर यायला हवी होती, ती ६.४ च्या आसपास येऊ लागली. आधी आम्ही थेंबथेंब सोडायच्या हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणाला दोष दिला, मग ते सोडणाऱ्या ब्युरेट या मोजनळीला, मग एकमेकांना. शेवटी सरांनी मला मूळ बाटली आणायला सांगितली आणि तिच्यावरचे सूत्र मोठ्याने वाचायला लावले. सीयूएसओ फोर वाचून मी थांबले. ‘पुढे वाच,’ असे ते म्हणाले. पुढे एक टिंब होते आणि त्यानंतर ‘फाइव्ह एच टू ओ’ होते.

ते निळे स्फटिक पाण्यासह असतात. एका सूत्र-एककात तांब्याचा १, गंधकाचा १, ऑक्सिजनचे ४ आणि शिवाय पाण्याचे पाच रेणू, म्हणजे आणखी १५ अणू, एकूण २१. त्याच्या मोलचे वस्तुमान १५९.६ ग्रॅम नसून २४९.७ ग्रॅम आहे, आणि मला २४.९७ ग्रॅम तोलायला हवे होते. मी तोलले त्यात जेमतेम ०.०६४ मोल होते. संपूर्ण तुकडीची दुपार वाया गेली, आणि त्या दिवसाची रुखरुख मला आजही आहे. त्यामुळे मधल्या टिंबाविषयी मी विद्यार्थ्यांशी जरा जास्तच बोलते. गणितात टिंब म्हणजे गुणाकार, ही सवय लागलेली असते, म्हणून काही मुले ६ गुणिले १५ करून ९० अणू लिहितात. इथले टिंब ‘आणि त्यासोबत’ एवढेच सांगते. तिथे बेरीज करायची. टिंबानंतरचा पाच मात्र संपूर्ण पाण्याच्या रेणूचा आहे, त्यातल्या हायड्रोजनचा एकट्याचा नाही. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी एक किलो मोरचूद आणले जाते, त्यात तांबे २५४ ग्रॅमच्या आसपास असते आणि स्फटिकात बांधलेले पाणीच ३६० ग्रॅम असते. बागायतदाराच्या मुलाला हे सांगितले की तो टिंब कधी विसरत नाही.

सूत्र चुकले की पुढचे सगळे चुकते, हे विद्यार्थ्यांच्याच वाट्याला आले असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन डाल्टनने अणुसिद्धान्त मांडला तेव्हा पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे असे गृहीत धरले, कारण दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर सर्वांत साधे प्रमाण धरावे, असा त्याचा नियम होता. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार निम्म्याच्या आसपास येऊन बसला. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने असे सुचवले की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते. हा धागा धरला असता तर पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू आहेत हे लगेच उलगडले असते. पण त्याकडे जवळजवळ पन्नास वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानिझ्झारो यांनी तो विचार पुन्हा मांडला आणि मग अणुभारांचा गोंधळ निवळला. ज्याच्या नावाने आपण ही संख्या ओळखतो त्या ॲव्होगॅड्रोला स्वतःला ती किती आहे हे कधीच कळले नाही. तो १८५६ मध्येच वारला होता आणि संख्येचा पहिला अंदाज बांधता येईल असे काम लोश्मिटने १८६५ मध्ये केले.

आणि अणू प्रत्यक्ष मोजले कसे, हा प्रश्न एखादे हुशार मूल दरवर्षी विचारतेच. त्याचे उत्तर मला फार आवडते. शास्त्रज्ञांनी जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा एक किलोचा गोळा बनवला, सुमारे ९.४ सेंटीमीटर व्यासाचा आणि आजवर घडवलेल्या अत्यंत गोल वस्तूंपैकी एक. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू ठरावीक घरांत मांडलेले असतात आणि अशा प्रत्येक घनाकृती घरात आठ अणूंचा हिशेब लागतो. त्या घराची बाजू क्ष-किरणांनी मोजली, ती ०.५४३ नॅनोमीटर भरते. गोळ्याचे आकारमान व्यासावरून काढले, त्याला एका घराच्या आकारमानाने भागले आणि आठने गुणले, सुमारे २.१५ गुणिले १० चा २५ वा घात एवढे अणू निघाले. भिंतीच्या लांबी-रुंदी-जाडीवरून तिच्यात विटा किती लागल्या ते गवंडी काढतो, तीच ही रीत. अशा मोजणीच्या आधारे २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल, असे होते; आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल, असे नेमके ठरवून टाकले आहे.

परवा वर्गातली एक मुलगी, जी करवीर तालुक्यातल्या आपल्या गावाहून केएमटीच्या बसने येते, युरियाच्या रिकाम्या पोत्याचा छापील भाग कापून घेऊन आली. तिच्या वडिलांचा ऊस आहे. ‘बाई, बाबा विचारत होते, पोतं पंचेचाळीस किलोचं, मग नायट्रोजन रानात नेमका किती पडतो?’ असे ती म्हणाली. त्या दिवशी ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला. युरियाचे सूत्र ‘सीओ एनएच टू होल ट्वाइस’: कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २, हायड्रोजनचे ४, एकूण ८ अणू. मोलचे वस्तुमान ६० ग्रॅम धरले तर ४५ किलोच्या पोत्यात ७५० मोल युरिया होतो. मग तिनेच फळ्यावर लिहिले: कार्बन ७५० मोल, ऑक्सिजन ७५० मोल, नायट्रोजन १५०० मोल, हायड्रोजन ३००० मोल. नायट्रोजनच्या १५०० मोल अणूंना १४ ने गुणले, २१ किलो आले. पोत्यावर ४६ टक्के छापलेले असते, त्या हिशेबाने २०.७ किलो, थोडा ओलावा आणि बायुरेटसारखे सोबतचे पदार्थ धरून हा फरक पडतो. मंगळवारी कंसाबाहेरचा दोन एकट्या हायड्रोजनला लावणारी हीच मुलगी होती; त्याच चुकीने इथे गेली असती तर नायट्रोजन साडेदहा किलोच आला असता आणि वडिलांना तिने निम्माच आकडा सांगितला असता.

काल ती डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या दुसऱ्या खताच्या पोत्यावरचे आकडे वहीत उतरवून आली. ‘बाई, इथंपण सेहेचाळीसच आहे, अठरा-सेहेचाळीस. पण हे सेहेचाळीस कशाचे?’ हे तिने मी न विचारता विचारले, आणि मला किती आनंद झाला ते लिहून सांगणे कठीण आहे. डीएपी म्हणजे ‘एनएच फोर होल ट्वाइस एचपीओ फोर’, १६ अणू, आणि त्यात फॉस्फरसचा अणू एकच. पोत्यावरचा ४६ हा त्या फॉस्फरसचा नव्हे. तो ‘पी टू ओ फाइव्ह’ या ऑक्साइडच्या रूपात सांगण्याची खतांच्या व्यवहारात रूढ असलेली पद्धत आहे. ५० किलोच्या पोत्यात २३ किलो ऑक्साइडइतके. त्या ऑक्साइडच्या १४२ ग्रॅममध्ये फॉस्फरसचे २ मोल अणू, म्हणजे ६२ ग्रॅम. तिने २३ ला ६२ ने गुणले, १४२ ने भागले, १०.०४ किलो आले. मग त्याला ३१ ने भागून तिने ३२४ मोल लिहिले, क्षणभर थांबली आणि पेन पुन्हा उघडून ‘मोल’ या शब्दाआधी ‘फॉस्फरसच्या अणूंचे’ असे बारीक अक्षरात घातले.